नवा सागरी मासा घरी आणण्यापूर्वी : मुंबईच्या लहान घरातली क्वारंटाइन टाकी

विचारणारे गृहस्थ बोरिवलीला दोन खोल्यांच्या घरात राहतात. त्यांच्याकडे चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी तीन वर्षांपासून नीट चालली आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, दोन कार्डिनल, एक गॉबी आणि थोडी सॉफ्ट कोरल आहेत. आता त्यांना पावडर ब्लू टँग आणायचा आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की, मासा त्याच्याकडे पंधरा दिवसांपासून आहे, चांगला खातो आहे, तेव्हा वेगळ्या टाकीच्या भानगडीत पडू नये. गृहस्थांचा प्रश्न असा, की क्वारंटाइन टाकी, म्हणजे नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवण्याची टाकी, खरोखर लागते का, आणि लागत असेल तर एवढ्याशा घरात ती कशी उभारायची व किती दिवस चालवायची.

लागते, आणि तुम्ही निवडलेल्या माशासाठी तर अधिकच लागते. पावडर ब्लू हा आपल्याच हिंदी महासागरातला मासा. मालदीव-श्रीलंकेच्या बाजूने पकडून येतो, दिसायला अतिशय देखणा, पण व्हाइट स्पॉट हा परजीवीचा रोग धरण्यात सगळ्या टँगांच्या पुढे. शिवाय तो नऊ इंचांपर्यंत वाढतो आणि दिवसभर इकडून तिकडे पोहत असतो, त्यामुळे चार फुटांच्या टाकीत वर्षभरातच कोंडल्यासारखा वागू लागतो. माझे ऐकणार असाल तर टोमिनी टँग पाहा, तो सहा इंचांच्या आसपास थांबतो. पण हा निर्णय तुमचा; मासा कोणताही ठरला तरी पुढे जे लिहितो आहे ते तसेच लागू पडते.

दुकानदार खोटे बोलतो आहे असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे मासा पंधरा दिवस असेलही. प्रश्न असा आहे की तो कोणत्या पाण्यात आहे. बहुतेक दुकानांत ओळीने लावलेल्या टाक्यांचे पाणी खाली एकाच सम्पमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत, उतरते आणि तेच पुन्हा सर्व टाक्यांत चढते. म्हणजे परवा उतरलेल्या खोक्यातला मासा आणि तुमचा पंधरा दिवसांचा मासा एकाच पाण्यात श्वास घेत असतात. त्यातच मीठ वाचावे आणि परजीवी दबून राहावेत म्हणून काही ठिकाणी क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, काही ठिकाणी पाण्यात कायम थोडे तांबे असते. त्या पाण्यात मासा स्वच्छ दिसतो. तुमच्या टाकीतल्या पूर्ण खाऱ्या, तांबे नसलेल्या पाण्यात आला की आठवड्याभरात दबलेले सारे वर येते. ज्या पाण्यात बाहेरचा एकही नवा मासा येत नाही, त्या पाण्यात काढलेले दिवसच क्वारंटाइनचे दिवस म्हणून मोजावेत, आणि दुकानात ते मोजता येत नाहीत.

हे दिवस किती असावेत, हे परजीवीच्या आयुष्यक्रमावरून ठरते, आणि तो क्रम एकदा नीट समजला की बाकीचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. व्हाइट स्पॉटचा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. माशाच्या अंगावर मिठाच्या कणासारखा जो ठिपका दिसतो तो त्वचेखाली पोसला जाणारा परजीवी असतो. तीन ते सात दिवसांत तो पोट भरून माशाला सोडतो, तळाशी जाऊन काचेला, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात तो विभागत जातो आणि एका ठिपक्यातून शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटायला साधारणपणे तीन ते अठ्ठावीस दिवस लागतात, परंतु ७२ दिवसांपर्यंत लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. ठिपके दोन दिवसांत गेले, मासा आपोआप बरा झाला, असे आनंदाने सांगणारे फोन मला वर्षातून कितीतरी येतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी जेवून खाली उतरला. दहा-बारा दिवसांनी तेच गृहस्थ पुन्हा फोन करतात आणि तेव्हा आवाज वेगळा असतो.

तांब्याचे औषध त्वचेखालच्या ठिपक्याला मारत नाही आणि कवचातल्यालाही मारत नाही; ते फक्त मोकळे पोहणाऱ्या पिल्लांना मारते. म्हणून औषधाची पातळी एक दिवसही खाली न जाऊ देता ती महिनाभर टिकवावी लागते. आणि मुख्य टाकीत जर रोग शिरलाच, तर सर्व मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते, हा आकडाही त्याच ७२ दिवसांवरून आला आहे. दोन फुटांच्या एका टाकीचा त्रास नको म्हणून जे मासा थेट सोडतात, त्यांना पुढे अडीच महिने रिकामी टाकी सांभाळण्याचा त्रास पडतो.

दुसरा परजीवी व्हेल्वेट, म्हणजे अमायलूडिनियम, याचा क्रम असाच पण फार वेगवान आहे आणि तो आधी कल्ल्यांवर बसतो. २०११ च्या मे महिन्यात मी स्वतः हा मार खाल्ला. दुकानात चांगला खाणारा एक बटरफ्लायफिश मी उत्साहाच्या भरात थेट मोठ्या टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी तो पॉवरहेडच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी, प्रवाहात तोंड करून, एकाच जागी उभा राहू लागला. मला वाटले, प्रवाह त्याला आवडतो आहे. त्या रात्री दिवे बंद करून बाजूने टॉर्चचा तिरपा झोत टाकला तेव्हा त्याच्या पाठीवर बारीक सोनेरी पूड चाळल्यासारखी दिसली. पाचव्या दिवसापर्यंत नऊ मासे गेले. ठिपके मोजण्याच्या नादात मी श्वास मोजले नव्हते. व्हेल्वेटमध्ये मासा अंगावर काही दिसण्यापूर्वीच कल्ल्यांनी गुदमरून मरतो.

आता टाकी. एका टँगसाठी किंवा दोन-तीन लहान माशांसाठी २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच एवढी साधी काचेची टाकी पुरते. वरून दोन इंच सोडून भरली तर तिच्यात साधारण ६१ लिटर पाणी बसते. हा आकडा तुम्ही तुमच्या टाकीसाठी स्वतः मोजा आणि टाकीवर मार्करने लिहून ठेवा, कारण औषधाची प्रत्येक मात्रा त्यावर बेतलेली असते आणि दुकानात सांगितलेले ‘सत्तर लिटर’ हे काठोकाठ भरल्यावरचे असतात. भरलेली टाकी काचेसकट पाऊणशे किलोच्या घरात जाते, तेव्हा प्लास्टिकच्या स्टुलावर किंवा शिवणयंत्राच्या टेबलावर ती ठेवू नये.

जागा निवडताना मुख्य टाकीपासून जितके दूर जाता येईल तितके जावे. एअर स्टोनच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर व्हेल्वेटची पिल्ले हवेतून काही फूट जाऊ शकतात, म्हणून किमान दहा फुटांचे अंतर आणि शक्यतो वेगळी खोली असे आम्ही धरतो. दोन खोल्यांच्या घरात याचा अर्थ असा, की मोठी टाकी हॉलमध्ये असेल तर ही आतल्या खोलीत कपाटाशेजारी जाते. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर मात्र ठेवू नका. तिथे फोडणीचा धूर असतो, साबणाचे पाणी उडते, आणि तांब्याचे औषध व जेवणाची भांडी एका ओट्यावर असू नयेत. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली तर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी अक्षरशः तापते.

तळाशी वाळू नको, दगड नको, आणि शोभेसाठी कोणी दिलेला प्रवाळाचा पांढरा सांगाडा तर मुळीच नको. हे सगळे चुनखडीचे पदार्थ तांबे शोषून घेतात आणि औषधाची पातळी तुमच्या हातात राहत नाही. माशाला लपायला हार्डवेअरच्या दुकानातून तीन-चार इंची पीव्हीसीचे एल्बो आणि टी आणा, रात्रभर पाण्यात भिजवा, चांगले घासा आणि टाका. दिसायला बेढब असतात, पण त्यांत शिरल्यावर मासा ज्या प्रकारे शांत होतो ते पाहिले की बेढबपणाची खंत राहत नाही. रास (wrasse) जातीचे काही मासे वाळूत झोपतात. त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या डब्यात सिलिकाची वाळू घालून तो डबा तळाशी ठेवावा. वर झाकण हवेच. नवा मासा पहिल्या दोन रात्री उडी मारतो, आणि नायलॉनची मच्छरजाळी चौकटीला ताणून बसवली तर हवाही खेळते आणि मासाही आत राहतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या गाळणीत. लोक टाकी, हीटर, औषध सगळे एका रविवारी आणतात, त्याच संध्याकाळी मासा सोडतात, आणि चौथ्या दिवशी मासा मरतो तो परजीवीने नव्हे तर अमोनियाने. कोऱ्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. त्यासाठी एक साधा स्पंज फिल्टर मासा आणण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी तुमच्या चालू टाकीच्या सम्पमध्ये टाकून ठेवा. स्पंज हळूहळू तपकिरी, जरा बुळबुळीत होतो. तो धुऊ नका, तीच त्याची किंमत आहे. मासा यायच्या दिवशी तो पिळल्याविना उचलून क्वारंटाइन टाकीत लावा आणि एअर पंपाला जोडा. बाटलीतले जिवाणू मिळतात, मीही ते सोबत घालतो, पण केवळ त्यांच्या भरवशावर मासा सोडत नाही. काचेला आतून चिकटणारी, रंग बदलणारी अमोनियाची चकती लावली तर येता-जाता नजर टाकता येते. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून आपण बेफिकीर असतो. परंतु २६ जुलै २००५ नंतर उपनगरांत कित्येक ठिकाणी ती बराच काळ गेली होती, आणि तेव्हापासून सेलवर चालणारा एक एअर पंप माझ्या घरात कायम असतो.

पाणी आरओचे घ्या. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतून नळाला येणारे पाणी पिण्यास उत्तम आहे, पण त्यात क्लोरीन असते. आणि उन्हाळ्यात सोसायटीने टँकर मागवला की त्यात कोणत्या विंधनविहिरीचे काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नाही. स्वयंपाकघरातला आरओ चालेल, पण त्याला चव आणण्यासाठी मिनरलचे कार्ट्रिज किंवा टीडीएस वाढवण्याची कळ असेल तर ती टाळून पाणी घ्यावे. मीठ सागरी टाकीसाठीचेच हवे. ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास लागते, ते आदल्या दिवशी बादलीत पॉवरहेड लावून विरघळवून ठेवावे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत कशाला, असे पुष्कळजण विचारतात. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते. जुहूच्या किंवा गोराईच्या लाटेतली बादली या कामाला उपयोगी नाही.

तापमान २६-२७ अंशांवर स्थिर ठेवावे. मुंबईत हीटरपेक्षा गारव्याचीच चिंता जास्त. मेमध्ये बंद खोलीतल्या लहान टाकीचे पाणी ३१ अंशांवर सहज जाते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि ज्या माशाच्या कल्ल्यांवर आधीच परजीवी बसलेत त्याची दुहेरी कोंडी होते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, मात्र लिटर-दीड लिटर पाणी रोज उडते आणि ते साध्या आरओच्या पाण्याने भरून काढावे लागते, कारण मीठ उडत नाही. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पंख्याचा गुण निम्मा होतो. त्या दिवसांत खोलीचा एसी किंवा चिलर हाच उपाय. रात्री एसी आणि दिवसा बंद, असा खेळ चालत असेल तर हीटर २६ वर लावून ठेवावा, म्हणजे पहाटे पाणी खाली घसरत नाही.

हे सर्व तयार झाल्यावर मासा घ्यायला जायचे. क्रॉफर्ड मार्केटला जा, कुर्ल्याला जा, किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात. पण तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा आणि दुकानातल्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे क्षारतेचा आकडा, स्वतःच्या रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजण्याच्या उपकरणाने) मोजा. हा आकडा विचारायला संकोच वाटतो, तरी मोजाच. दुकानात १.०१९ असेल तर तुमची क्वारंटाइन टाकीही त्या दिवशी १.०१९ वरच असली पाहिजे. मासा कमी क्षारतेत एकदम उतरला तर सोसतो, पण एकदम चढवला तर त्याच्या शरीरातले पाणी ओढले जाते आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कारण न कळता मरतो. पुढे आठवडाभरात, रोज ०.००१-०.००२ असे चढवत, १.०२५ वर न्यावे. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून रिक्षाने आणा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये डब्यात उभे राहून छातीशी धरलेल्या पिशवीतला मासा मी एकदाच आणला आहे, पुन्हा आणणार नाही.

पिशवी घरी आल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसण्याची जी पद्धत सांगितली जाते, ती लांबून आलेल्या माशासाठी घातक आहे. प्रवासात पिशवीत माशाचा अमोनिया साठतो, पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचमध्ये बहुतेक अमोनिया तितक्या न बाधणाऱ्या अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो; मासा मात्र अजून त्याच पाण्यात असतो. म्हणून क्षारता आधीच जुळवून ठेवायची, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवायचे, मग पिशवी फोडून मासा हाताने किंवा डब्याने उचलून लगेच सोडायचा. पिशवीतले पाणी बेसिनमध्ये ओता, टाकीत एक थेंबही नको. टँगच्या शेपटीजवळ धारदार काटा असतो, जाळीत तो अडकतो, डबाच बरा.

पहिल्या दिवशी दिवा लावू नका आणि पाहुणे बोलावू नका. दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी वहीत लिहा : मासा काय खातो, आणि तो स्वस्थ असताना एका मिनिटात कल्ला किती वेळा हलतो. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे इतरांच्या आकड्याशी तुलना करू नका. कालच्या त्याच्याच आकड्याशी करा. ऐंशीवरून एकशेवीसवर गेला आणि अंगावर काही दिसत नसेल, तरी तो दिवस वाट पाहण्याचा नाही.

खाणे सुरू होणे हे औषधापेक्षा मोठे काम आहे. टँगला न भाजलेली नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्यावी. बाकी माशांना फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). हट्टी बटरफ्लायफिश काहीच खात नसेल तर बाजारात कोळणीकडून मूठभर तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणाव्यात, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, मग एक शिंपले उघडून अर्ध्या कवचातले मांस तसेच तळाशी ठेवावे. मी एकदा कॉपरबँड बटरफ्लायफिशसमोर असे शिंपले ठेवून मागे सरकलो. पाच-सात मिनिटे तो लांबून तिरके पाहत राहिला. मग चोच लावून एक तुकडा ओढला, थुंकला, पुन्हा ओढला. दुसऱ्या शिंपल्याला तो माझा हात वर जायच्या आत हजर होता. तासाभरात उरलेले काढून टाका, कारण ६० लिटरमध्ये एक सडलेली तिसरी अमोनिया वर न्यायला पुरेशी असते.

खाऊ लागल्यावर, साधारण तीन-चार दिवसांनी, तांबे. सर्वच माशांना सरसकट औषध द्यावे का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. समुद्रातून पकडलेल्या टँग, एंजल आणि बटरफ्लायला मी लक्षण नसतानाही देतो. मँडरिन, पाइपफिश आणि घरात पैदास झालेल्या क्लाउनफिशला न देता फक्त महिना-सव्वा महिना डोळ्यांखाली ठेवतो. तुमचा मासा पहिल्या गटातला आहे.

बाजारात तांब्याची दोन प्रकारची औषधे आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळणे ही प्राणघातक चूक आहे. अ‍ॅमिनने बांधलेल्या तांब्याची, म्हणजे क्युप्रामिनसारख्या औषधाची, उपचाराची पातळी लिटरला ०.५ मिलिग्रॅम; ती ४८ तासांच्या अंतराने दोन अर्ध्या मात्रांत गाठायची असते. चिलेटेड तांब्याची, म्हणजे कॉपर पॉवरसारख्या औषधाची, पातळी २.२५ ते २.५. दुसऱ्याचा आकडा पहिल्या औषधाला लावला तर मासा संध्याकाळ पाहत नाही. पहिल्याचा दुसऱ्याला लावला तर परजीवी मजेत राहतात. नवशिक्याने चिलेटेड घ्यावे, त्याची मात्रा किंचित वरखाली झाली तरी मासा सोसतो. ठरलेली एकूण मात्रा चार भागांत, चार-पाच दिवसांत घालावी आणि प्रत्येक भागानंतर मोजावे. मोजण्यासाठी रंग जुळवण्याच्या किटवर विसंबू नका; चिलेटेड तांबे त्यांपैकी काहींना दिसतच नाही, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात दोन फिक्या निळ्या छटांमधला फरक कोणालाच सांगता येत नाही. हॅना कंपनीचा जास्त पातळीचे तांबे मोजणारा डिजिटल चेकर महाग वाटतो, पण एका टँगच्या किमतीशी तुलना करून पाहा.

पूर्ण पातळी गाठली त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. मध्ये एकदा जरी पातळी खाली गेली तरी मोजणी पुन्हा एकपासून. पातळी बहुधा पाणी बदलताना घसरते : ६० लिटरमधले १२ लिटर काढले की पाचवा हिस्सा तांबे गेले, म्हणून नव्या १२ लिटरमध्ये आधी तेवढ्याच पातळीचे तांबे मिसळून मगच ते टाकीत ओतायचे. उडालेल्या पाण्याची भर घालताना मात्र तांबे घालायचे नाही. मीठ उडत नाही तसे तांबेही उडत नाही. हा फरक विसरून मी एकदा रोजच्या भरीच्या पाण्यातही औषध घालत गेलो आणि आठवड्याने मासा खायचा थांबला तेव्हा कुठे मोजले. पाणी शुद्ध करणारा कार्बन आणि यूव्ही दिवा या काळात बंद. अमोनिया बांधणारी रसायने तांब्यासोबत वापरू नका, त्यांच्यामुळे पाण्यातले तांबे माशाला अधिक विषारी होऊ शकते. अमोनिया दिसला तर उपाय एकच, पाणी बदलणे. म्हणून १५-२० लिटर तयार खारे पाणी झाकणाच्या पिंपात कायम ठेवा.

तांब्याने फ्लूक जात नाहीत. हे चपटे कृमी पारदर्शक असतात, म्हणून डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोके झटकतो, डोळा धुरकट होतो. खात्री करायची असेल तर गोड्या पाण्याचे स्नान द्यावे : आरओचे पाणी, टाकीइतकेच तापमान, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच टाकीइतका, आणि एअर स्टोन सोडून अर्धा तास ठेवलेले. गडद रंगाच्या टबात मासा चार-पाच मिनिटे ठेवला की कृमी पांढरे पडून तिळाच्या पापुद्र्यासारखे तळाशी गळतात. मासा आडवा झाला तरी थोडा धीर धरावा, पण श्वास थांबतो आहे असे वाटले तर तत्काळ बाहेर. उपचार प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाचा, अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच. औषध माशांसाठी बनवलेलेच घ्यावे. कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेल असते खरे, पण त्यांत सोबत इतर औषधेही असतात, ती माशासाठी नाहीत.

क्लाउनफिश आणणार असाल तर आणखी एक नाव लक्षात ठेवा, ब्रूक्लिनेला. अंगावरून पांढरट साय सुटते आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो; तांबे इथे चालत नाही, फॉर्मॅलिन लागते, आणि ते कर्करोगकारक असल्याने बंद खोलीत, मुले असलेल्या घरात हाताळण्याची गोष्ट नाही. जाणत्या माणसाला किंवा पशुवैद्याला विचारल्याशिवाय त्यात हात घालू नका. शक्य तिथे पैदास केलेले क्लाउनफिश घ्यावेत, हा त्याहून सोपा मार्ग.

घरच्या काही गोष्टी. या टाकीची जाळी, बादली, सायफनची नळी वेगळी ठेवा आणि त्यांना लाल टेप लावा. मोठ्या टाकीचे काम आधी, हिचे नंतर, मध्ये हात धुणे. कामाला येणाऱ्या मावशींना टेपचा अर्थ समजावून सांगा, नाहीतर फरशी पुसायची बादली आणि ही बादली यांची अदलाबदल एका फिनाइलच्या थेंबात सगळे संपवते. सोसायटीत डासांसाठी धुराची गाडी आली की खिडक्या लावा आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा. पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, मग ती धुराची असो, डास मारण्याच्या फवाऱ्याची असो की गणपतीतल्या धुपाची.

तीस दिवस झाल्यावर पाणी बदलून आणि कार्बन लावून तांबे शून्यावर आणा, मग दोन आठवडे औषधाविना फक्त पाहा. या काळात काही उठले नाही, मासा रोज खातो आहे, श्वासाचा आकडा स्थिर आहे, तर तो मोठ्या टाकीत जाण्यास तयार आहे. सगळे मिळून सात-आठ आठवडे होतात. तुमच्या जुन्या क्लाउनफिशना तीन वर्षे त्रास नाही, तरी त्यांच्या अंगावर परजीवी नाहीतच असे समजू नका. जुने मासे थोडी प्रतिकारशक्ती कमावून बसलेले असतात आणि नवा टँग त्याच परजीवींची शिकार ठरू शकतो. म्हणून सोडल्यानंतर पहिला महिनाभर क्वारंटाइन टाकी मोडू नका. नवे कोरल, गोगलगायी किंवा खेकडे आणाल तेव्हा त्यांच्या कवचांना वा दगडाला चिकटलेली परजीवीची कवचे सोबत येतात, आणि त्यांना तांबे देता येत नाही, कारण ते त्यानेच मरतात. त्यांना मासे नसलेल्या वेगळ्या टाकीत ७६ दिवस ठेवावे. तिथेही तेच गणित.

काम झाल्यावर टाकी, एल्बो, नळ्या ब्लीचच्या पाण्यात दिवसभर भिजवून धुवाव्यात आणि उन्हात खडखडीत वाळवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये हे जमत नाही, तेव्हा पंख्याखाली चार-पाच दिवस ठेवावे, कोपऱ्यातली ओल हाताला लागता कामा नये. तांब्यात राहिलेला स्पंज सम्पमध्ये परत टाकायचा नाही, तो फेकून द्यायचा. त्याच दिवशी नवा स्पंज आणून सम्पमध्ये सोडून ठेवा, म्हणजे पुढचा मासा आवडेल तेव्हा तो तयार असेल.